रणगाडा रंगवणाऱ्या मुलांच्या आईबाबांशी



दिवाळीच्या सुट्टीत मुलं किल्ला करायला घेतात तेव्हा आपण किती हौसेनं मदत करतो! गोणपाट भिजवून देतो, माती चाळून देतो, हळीव पेरायची आठवण करतो. त्या किल्ल्याच्या बुरुजांवर तोफा असतात, मावळ्यांच्या हातात भाले-तलवारी असतात. तरीही ‘आपलं पोर यानं हिंसक होईल का’ अशी शंका कुणालाच येत नाही. तेच मूल आठवी-नववीत गेल्यावर रणगाड्याचा प्लास्टिकचा संच मागतं, दार लोटून ब्रश घेऊन तासन्‌तास बसतं, आणि मग मात्र आपल्या जिवाला घोर लागतो.

सैनिकी मॉडेलं जोडायची, रंगवायची आणि त्यांचा जमिनीसकट, माणसांसकट देखावा उभा करायचा हा माझा जुना छंद. सुट्टीच्या दिवशी सोसायटीतली काही मुलं माझ्या टेबलाशी येऊन बसतात. त्यांना सोडायला येणारे आईबाबा चपला काढता काढताच विचारतात, “मावशी, हे युद्धाचं वेड बरं का? अभ्यासाचं काय? आणि खर्च किती येतो?” दारात उभ्या उभ्या याची धड उत्तरं देता येत नाहीत. म्हणून आज जरा निवांत बोलू.

आधी युद्धाच्या वेडाबद्दल. तुमची धास्ती अगदीच अनाठायी नाही. संचाच्या खोक्यावरचं चित्र बघा. आगीचे लोळ, धडाडणारी तोफ, आणि मेलेला माणूस सहसा कुठेच नाही. मूल भुलतं ते त्या चित्राला. पण देखावा करायला बसलं की त्या चित्रावर भागत नाही, कारण देखाव्यात एक ठरावीक क्षण दाखवायचा असतो. कुठली जागा, कुठला दिवस, कोण माणसं, ती इथे का आली, याची उत्तरं ठरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

आपल्याकडचंच उदाहरण घेते. समजा, मुलानं ठरवलं की १९७१ च्या भारत-पाक युद्धातला ‘पूना हॉर्स’ या रणगाडा-पलटणीचा सेंच्युरियन रणगाडा करायचा. १:३५ हे या छंदातलं सर्वांत चलनी प्रमाण. गंमत म्हणजे ते कुणी हिशेब करून ठरवलेलं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानच्या तामिया कंपनीनं मोटारीवर चालणारा पँथर रणगाडा काढला. आत बॅटऱ्या बसाव्यात इतपत त्याचा आकार ठेवला, तो १:३५ भरला, आणि पुढे सगळ्यांनी तेच प्रमाण उचललं. या मापात तोफेसकट जवळपास दहा मीटरचा सेंच्युरियन टेबलावर २८ सेंटिमीटरचा होतो आणि साडेपाच-पावणेसहा फुटांचा माणूस पाच सेंटिमीटरचा.

आता प्रश्न सुरू होतात. रणगाड्यावर नाव काय लिहायचं? शोधता शोधता मुलाला ‘फामागुस्ता’ हे नाव सापडतं आणि त्याच्यामागचा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल सापडतो. १९५० चा, पुण्यात जन्मलेला. जून १९७१ मध्ये पलटणीत दाखल झालेला. युद्धाची चाहूल लागली तेव्हा तो अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, प्रशिक्षण घेत होता. ते अर्धवट टाकून तो आघाडीवर गेला. १६ डिसेंबरला शकरगढ भागात, बसंतर नदीपलीकडच्या लढाईत त्याच्या रणगाड्यानं पेट घेतला. बाहेर पड असा हुकूम झाला, पण तोफ अजून चालते आहे म्हणून तो लढत राहिला आणि तिथेच मारला गेला. वय २१. मरणोत्तर परमवीर चक्र.

इथवर मुलाचा ऊर अभिमानानं भरून येतो, आणि ते योग्यच आहे. पण हाच धागा धरून ते थोडं पुढे वाचत गेलं तर त्याला २००१ सालची हकीकत भेटते. अरुणचे वडील ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल वयाच्या ८१ व्या वर्षी आपलं जन्मगाव सरगोधा बघायला पाकिस्तानात गेले. तिथे त्यांची सरबराई केली ब्रिगेडियर ख्वाजा मोहम्मद नासेर यांनी, अगदी घरच्या माणसासारखी. आणि निघायच्या सुमारास यजमानांनी त्यांना सांगितलं की बसंतरच्या लढाईत समोरच्या रणगाड्यात मी होतो, तुमचा मुलगा माझ्या हातून मारला गेला. हे वाचल्यावर टेबलावरच्या ‘शत्रू’च्या पॅटन रणगाड्यातही माणूस बसलेला असतो, हे मुलाला वेगळं सांगावं लागत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीचं काम परवा मी जवळून बघत होते. ती रणगाड्याच्या झडपेतून अर्धा बाहेर आलेला जवान रंगवत होती. या मापात चेहऱ्याची उंची जेमतेम सहा-साडेसहा मिलिमीटर. आधी गव्हाळ रंगाचा पातळ हात, मग कपाळपट्टीखाली, नाकाच्या बाजूला, हनुवटीखाली गडद सावली, मग गालाच्या हाडावर आणि नाकाच्या शेंड्यावर उजळ ठिपका. डोळ्यांत पांढरा रंग भरायचा नाही, नाहीतर माणूस भूत बघितल्यासारखा दिसतो. नुसती सावलीची रेघ पुरते. ती रेघ ओढायला तिनं श्वास रोखला आणि ओढून झाल्यावर म्हणाली, “मावशी, हा माझ्या दादाएवढाच आहे ना गं?” तिचा दादा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. मी हो म्हटलं. मग तिनं त्या जवानाच्या ओठांवरचं हसू पुसलं आणि तोंड मिटलेलं रंगवलं.

मोबाइलच्या खेळात दहा रणगाडे उडवायला दोन मिनिटं लागतात. इथे एका माणसाचा चेहरा रंगवण्यात अख्खी संध्याकाळ जाते. ज्याच्यावर इतका वेळ खर्च केला तो माणूस मग सहजासहजी ‘टार्गेट’ होत नाही. एच. जी. वेल्स हा इंग्रज लेखक युद्धाचा विरोधक, पण खेळण्यातल्या सैनिकांचा भलता शौकीन. त्यानं १९१३ मध्ये त्यांच्या लढायांच्या नियमांचं ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिलं. हा खेळ खेळून बघा म्हणजे खरं युद्ध किती मूर्खपणाचं असतं ते कळेल, असा त्याचा दावा होता. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं. तेव्हा नुसतं मॉडेल करून शहाणपण येतं असं मी म्हणणार नाही. मूल त्या खोक्यावरच्या चित्रापाशीच अडकूनही राहू शकतं. त्याला तिथून पुढे न्यायला शेजारी बसणारं मोठं माणूस लागतं, आणि ते काम तुमचं.

शेजारी बसायचं म्हणजे ब्रश हातात घ्यायचा नाही. तो मोह बाबांना फार होतो. “दे इकडे, तुझा हात हलतोय” म्हणत संध्याकाळभर तेच रंगवत बसतात आणि पोर बाजूला बसून नखं कुरतडतं. तुम्ही फक्त विचारा. पण “कधी संपणार?” किंवा “स्पर्धेत ठेवशील का?” असलं नको. विचारा की हा चिखल ओला आहे का वाळलेला? मग पट्ट्यांवर तो सारखाच का दिसतो? हे लोक कधीपासून जेवले नसतील? हा मागे वळून कुणाकडे बघतोय? अशा प्रश्नांची उत्तरं शोधताना मूल इतिहास, हवामान, भूगोल चाळतं आणि जवानांच्या जागी स्वतःला ठेवून बघतं. त्याला उत्तर सापडलं की ते मॉडेलमध्ये उतरतं. तुम्हाला वेगळी परीक्षा घ्यायला नको.

एका बाबतीत मात्र नुसते प्रश्न पुरत नाहीत, स्पष्ट बोलावं लागतं. दुकानातल्या फळीवर दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन रणगाड्यांची चळत असते. टायगर, पँथर दिसायला रुबाबदार, मुलं त्यांच्यावर लट्टू. जोडू द्या. पण ती यंत्रं कुणाच्या हुकमानं चालत होती, त्या राजवटीनं लाखो ज्यूंना छळछावण्यांत कसं मारलं, हे त्याच टेबलाशी बसून सांगा. कित्येक संचांत जर्मन विमानाच्या शेपटीवरचं नाझी चिन्ह दिलेलंच नसतं, कारण जर्मनीत ते मिरवण्यावर कायद्यानं बंदी आहे. “इथली जागा कोरी का?” असं मूल कधीतरी विचारतंच. ती संधी सोडू नका.

अभ्यासाचं म्हणाल तर हा छंद स्वभावानंच सबुरीचा आहे. प्रायमरचा हात दिला की थांबा. मूळ रंग वाळला की पातळ काळपट रंगाचा ‘वॉश’ सोडायचा, तो खाचाखोचांत उतरतो. तो तैलरंगाचा असेल तर रात्रभर तरी हात लावायचा नाही. मग जवळजवळ कोरडा ब्रश कडांवरून फिरवायचा, की रिव्हेट उठून दिसतात. प्रत्येक पायरीनंतर वाळवण आहे, म्हणजे रोज अर्धा-पाऊण तास काम आणि बाकीचा वेळ पुस्तक, हे वेळापत्रक आपोआप जमतं. परीक्षा आली की रंगांची झाकणं घट्ट लावायची, ब्रश धुवायचे, खोकं माळ्यावर. प्लास्टिक नासत नाही. घाईनं ओल्या रंगावर बोट उमटलं की काय होतं हे मूल इथे स्वतःच शिकतं, तुम्ही ‘धीर धर’ म्हणून कंठशोष करण्यापेक्षा लवकर.

खर्चाचं खरं सांगते. मोठे परदेशी संच हजारांच्या घरात जातात, आणि नवशिक्यानं ते घेऊ नयेत. १:७२ चा लहान संच घ्या, तो बराच स्वस्त पडतो. पाच-सहा ॲक्रिलिक रंग, दोन-तीन बरे ब्रश, निपर, पॉलिश पेपर आणि मॉडेलचा गोंद एवढ्यावर पहिलं वर्ष छान निघतं. एअरब्रश आणि कॉम्प्रेसर इतक्यात नको. सांधे घासून बुजवायला आणि ब्रशचा पातळ हात द्यायला आधी शिकू दे. जमिनीसाठी तर काही विकत आणूच नका. थर्मोकोलच्या तुकड्यावर वॉल पुट्टी, तिच्यावर पातळ केलेला फेव्हिकॉल, त्यावर गाळणीनं चाळलेली कुंडीतली माती. वाळलेलं गवत म्हणून काथ्याचे बारीक तुकडे, पालापाचोळा म्हणून धुऊन वाळवलेला चहाचा चोथा. किल्ल्याची सवय असलेल्या मराठी मुलाला हे शिकवावंच लागत नाही.

आता जिथे तुम्ही कडक व्हायलाच हवं ते. कटरचं पातं नेहमी बोटांपासून लांब जाईल असं चालवायचं, आणि बोथट पातं बदलायचं, कारण बोथट पात्यावर जोर जास्त लागतो आणि तेच घसरतं. गोंद, थिनर, एनॅमल वापरताना खिडकी उघडी आणि पंखा हवा बाहेर फेकेल असा. साधा धुळीचा मास्क या वाफा अडवत नाही, हे लक्षात ठेवा. स्प्रेचा डबा घरात नाही, मोकळ्या हवेत, तोही मोठ्या माणसाच्या देखत. काही जणांना ब्रशचं टोक ओठांनी जुळवायची सवय असते, ती पहिल्या दिवशीच मोडा. रंगांतली काही द्रव्यं विषारी असतात. टेबलाशी खाणं-पिणं बंद. रेझिनचे भाग घासायचे तर पाण्याखाली, म्हणजे भुकटी उडत नाही. आणि लहान भावंडं असतील तर सुटे भाग आणि फेवीक्विक कुलपात.

आणखी एक विनंती आईसाठी. मॉडेलवर धूळ बसते, पण त्यावर फडकं मारू नका. वायरलेसची अँटेना केसासारखी बारीक असते, ती हमखास तुटते आणि मग घरात खरं युद्ध होतं. मऊ कोरडा ब्रश मुलाच्याच हाती द्या, किंवा वरून एक पारदर्शक खोकं घाला.

दोन-तीन मॉडेलं करून मूल कंटाळलं, तर कंटाळू द्या. ‘एवढे पैसे घातले’ हा हिशेब त्याच्यापुढे मांडू नका. रमलं, तर एखाद्या सुट्टीला त्याला घेऊन अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा. १९९४ पासून ते तिथे आहे आणि देशोदेशीचे खरे रणगाडे त्यात उभे आहेत. तिथे मुलाला फोटो काढू द्या, पट्ट्यांच्या कड्या मोजू द्या, चिलखताचे सांधे न्याहाळू द्या. तुम्ही मात्र त्याला एवढंच विचारा, “यात चार माणसं कशी बसत असतील रे?” त्याला उत्तर माहीत असेल. त्यानं सांगायला सुरुवात केली की मध्ये बोलू नका, ऐकून घ्या.