रेंजचे टनेज आणि रेंजचा उतारा



१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. बांधावर उभे राहून उसाचा फोटो काढायचा व नोंद मोबाईलवरून आपणच पाठवायची. मुदत टळली की सातबाऱ्यावरील पिकाच्या नोंदीचा घोळ होतो आणि पुढे कर्ज वा नुकसानभरपाईच्या वेळी अडते. घोडेगाव परिसरात आम्हाला एकच तक्रार ऐकू येते : "रेंज फुल्ल दाखवतीय, पण नेट काही चालंना." याचे कारण समजून घेऊ.

रेंजला दोन अंगे आहेत, जोर आणि शुद्धता. जोर म्हणजे टनेज, शुद्धता म्हणजे उतारा. मोळीत पाचट-वाढे राहिले तरी काट्यावर वजन भरते, साखर मात्र तेवढी पडत नाही. मोबाईलच्या दांड्या मुख्यतः जोर दाखवतात. शेजारच्या टॉवरच्या लहरी त्यात मिसळल्या, तर ते पाचटच समजावे.

जुन्नर तालुक्यात खोडदला टाटा मूलभूत संशोधन संस्थेची रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तिच्या ३० तबकड्या आकाशातील अत्यंत क्षीण लहरी टिपतात. जागा निवडताना इथला रेडिओ गोंगाट कमी असणे महत्त्वाचे ठरले. बारीक आवाजही शांततेत ऐकू येतो. जत्रेत मात्र शेजाऱ्याचे बोलणे कळत नाही.

आता आकडे पाहू.

१) जोर : हा डीबीएममध्ये, उणे आकड्यात असतो. बहुतेक मोबाईलमध्ये सेटिंगमधील सिमच्या माहितीत सापडतो. उणे ८५ चांगला, उणे १०० मध्यम, उणे ११५ व त्याखाली काम अवघड. १० चा फरक म्हणजे जोरात दहापट फरक.

२) शुद्धता : नेटवर्क तपासण्याच्या ॲपमध्ये 'एसआयएनआर' हा आकडा पाहावा. २० च्या वर उत्तम. शून्याखाली गेल्यास दांड्या भरलेल्या असूनही नेट अडखळते.

उपाय असे करावेत :

• उभ्या उसात शिरून नोंद पाठवू नये. हिरव्या पाल्यातील पाणी लहरी शोषते. मोकळ्या बांधावर यावे.

• डोंगराच्या आडोशाला रेंज पडते. टॉवरच्या दिशेला उघडी असलेली उंच जागा धरावी. एक-दोन फूट सरकूनही फरक पडतो.

• पत्र्याच्या शेडमधून बाहेर यावे.

• दोन्ही आकडे चांगले असूनही नेट मंद असेल, तर टॉवरवर गर्दी आहे असे समजावे. पहाटे किंवा भर दुपारी पुन्हा करून पाहावे.

• विनापरवाना बूस्टर बसवू नये. ते बेकायदा आहे, शिवाय गोंगाट वाढून साऱ्या वस्तीची रेंज बिघडते.

मोबाईल कंपनीकडे तक्रार करताना नुसते "रेंज नाही" म्हणू नये. ठिकाण, वेळ आणि दोन्ही आकडे लिहून द्यावेत. मोघम तक्रार टोलवता येते. आकड्यांची तक्रार टोलवणे जड जाते. आणि मुदतीच्या शेवटच्या दिवसाची वाट तर मुळीच पाहू नये.