नववीत पाऊल ठेवणाऱ्या ओरत्तनाडूच्या मुलांना

मुलांनो, जूनमध्ये शाळा उघडली की तुम्ही नववीच्या वर्गात बसाल. दहावीची धास्ती घालणारे घरोघरी आहेत, नववीबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढत नाही. माझ्या मते खरं वर्ष हेच. दहावीत पोर गणितात अडतं तेव्हा त्याची वही मागे चाळून पाहा, बैजिक राशींचे अवयव पाडणं नववीतच कच्चं राहिलेलं असतं. म्हणून पहिलं सांगणं एवढंच, की ज्या दिवशी अडलं त्याच दिवशी विचारा. वर्गात भीड वाटली तर तास संपल्यावर मास्तरांच्या मागे जा. ‘समजलं नाही’ असं मोघम म्हणू नका. गणित जिथवर आलं तिथवर लिहून न्या आणि नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवा. पोरानं आधी डोकं चालवलंय हे दिसलं की मास्तरही मन लावून सांगतात.

आता आपल्या घरातल्या भाषेचा प्रश्न. तंजावरकडच्या मराठी घरांत चुलीपाशी मराठी, बाजारात तमिळ, वर्गात इंग्रजी. बाजारातलं तमिळ तोंडात खेळतं, त्यामुळे तमिळचा पेपर सोपा जाईल असं मुलांना वाटतं, आणि तिथेच ती फसतात. पुस्तकातलं तमिळ बोलण्यातल्या तमिळपासून फार लांब आहे. त्यातून ल, ळ आणि ऴ. पहिले दोन आपल्या जिभेला ठाऊक आहेत, तिसरा नाही. मलै म्हणजे डोंगर, मऴै म्हणजे पाऊस. पुलि म्हणजे वाघ, पुळि म्हणजे चिंच. कानाला फरक कळला नाही तर हात चुकीचंच अक्षर लिहिणार. यावर शिकवणी लावायची गरज नाही. रोज पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचा, शेजारच्या तमिळ मित्राला ऐकायला बसवा, आणि तो टोकेल तो शब्द पाच वेळा लिहा. दहावीच्या 500 गुणांतले 100 तमिळचे आहेत, हे विसरू नका.

म्हणून घरची मराठी सोडा असं मात्र मी कधीच सांगणार नाही. इतिहासाचा धडा झाला की संध्याकाळी तो आजीला मराठीत सांगा. पाठ केलेली वाक्यं तिच्यापुढे चालत नाहीत. ‘मग त्या राजानं असं का केलं?’ असं ती विचारते, आणि उत्तर शोधताना धडा खरा कळतो. शिकलेलं मराठीत सांगायचं हे काम तंजावरच्या आपल्या सरफोजी राजांनी मोठ्या प्रमाणावर केलं. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात कुरवंजी, म्हणजे भविष्य सांगणारी बाई, जगाचा भूगोल सांगते. नकाशातले देश आणि खंड त्यांनी रंगमंचावर आणले.

वहीबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे मुलं फार हयगय करतात. विज्ञानात दहावीला 75 गुण लेखीचे आणि 25 प्रात्यक्षिकाचे. रेकॉर्ड नोटबुक दुसऱ्याची बघून एका रात्रीत उतरवायची सवय नववीतच लागते आणि मग सुटत नाही. नोंद कशी असावी ते सरफोजी राजांकडून शिका. त्यांनी डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी ठेवल्या होत्या. रोग्याची तक्रार काय, उपचार काय केला, आणि सोबत त्या डोळ्याचं रंगीत चित्र. ते कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात आहेत. तुमची आकृती तितकी सुबक नसेना का, पण समोरचं पाहून स्वतःच्या हातानं काढलेली असावी. कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली असेल तर पेशी जशा दिसतात तशाच काढा, पुस्तकातल्यासारख्या सरळ रेषेत बसवू नका. खाली तारीख घाला. चुकलेला प्रयोगही खोडू नका, तो का चुकला ते बाजूला लिहा.

दुपारी शाळेत जेवण मिळतं ते दहावीपर्यंत. नववीत आल्यावर काही मुलांना त्या पंगतीत बसायची लाज वाटू लागते आणि ती उपाशी राहतात. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्याच गावात सरफोजी राजांनी आपल्या प्रिय मुक्तांबेच्या नावानं छत्र, म्हणजे वाटसरूंना आसरा आणि जेवण देणारी धर्मशाळा, बांधलं. अशी छत्रं चालू राहावीत म्हणून त्यांनी 1801 मध्ये इंग्रज रेसिडेंटला पत्र लिहिलं. छत्रात आलेल्या पोरक्या मुलांना गुरुजींच्या हवाली करायचं, तीन वेळ जेवू घालायचं, चार दिवसांतून एकदा अंगाला तेल लावायचं, आजारी पडली तर औषध द्यायचं, असं त्यात आहे. शिकणाऱ्या मुलाला जेवू घालणं ही या मुलखाची जुनी रीत आहे. मान वर करून पंगतीत बसा. आणि हो, शनिवारचं तेलाचं स्नान चुकवू नका, रात्री दहाला दिवा मालवा.

आठवीत एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेत निवड झाली असेल तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात, पण अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. बँकेचं खातं चालू आहे ना, हे जूनमध्येच घरच्यांना पाहायला सांगा.

राहिला अकरावीच्या ग्रूपचा, म्हणजे विषयांच्या गटाचा विचार. तो दहावीच्या निकालानंतर घाईत करू नका, आत्तापासून डोळे उघडे ठेवा. त्याच 1801 च्या पत्रात म्हटलंय, की मुलाला ज्या विद्येची आवड तीच त्याला शिकवायची. दोनशे वर्षांपूर्वी पोरक्या पोराला जे विचारलं जात होतं, ते आज आपल्या पोराला विचारायला आईबापांना काय हरकत आहे? मात्र आवडीला माहितीची जोड हवी. ओरत्तनाडूतच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि राज्याच्या कोट्यातला प्रवेश बारावीच्या गुणांवर होतो. पण अकरावीत जीवशास्त्र घेतलं नसेल तर गुरांवर कितीही माया असली तरी ते दार बंद. सरकारी शाळेतल्या मुलांसाठी 7.5 टक्के जागा राखीव असतात, त्याचे नियमही विचारून घ्या. आणि कुठलाही ग्रूप ठरवण्याआधी अकरावीतल्या एखाद्या दादाकडून किंवा अक्काकडून त्या विषयाचं पुस्तक दोन दिवस मागून आणा आणि पहिला धडा कोणाच्या मदतीशिवाय वाचून बघा.