फवारणी आणि माणसाचे वर्तन



सन २०१७ चा खरीप हंगाम यवतमाळ जिल्हा विसरू शकत नाही. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो जणांना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात व इतरत्र उपचार घ्यावे लागले. त्या वर्षी पऱ्हाटी अनेक ठिकाणी डोक्याएवढी वाढली होती. दोन-तीन कीटकनाशके एकत्र मिसळून फवारण्या झाल्या. संरक्षक कपडे मात्र फार थोड्यांच्या अंगावर होते.

त्यानंतर गावोगावी मेळावे झाले, संरक्षक किट वाटली गेली. माहिती आता बहुतेकांना आहे. तरीही मागच्या हंगामात विद्यार्थ्यांना घेऊन शिवारफेरीला गेलो, तेव्हा मास्क बांधावरच्या बाभळीला टांगलेला आणि फवारणारा उघड्या तोंडाने तासात, असेच चित्र दिसले. विचारले तर तो म्हणाला, "सर, समजते सारं. पण ते तोंडाले बांधलं का दम कोंडते." हा मनुष्य अडाणी नव्हता. मग समजूनही वर्तन का बदलत नाही? याचे उत्तर कीटकशास्त्रात नाही, मानसशास्त्रात आहे. प्रस्तुत लेखात वर्तनाचे मुख्य प्रकार फवारणीच्या उदाहरणाने पाहू.

वर्तन म्हणजे काय?

मनुष्य जे करतो, बोलतो, टाळतो, ते सर्व त्याचे वर्तन होय. मानसशास्त्र हे वर्तनाचे व त्यामागील मनोव्यापारांचे शास्त्र आहे. काही वर्तन जन्मतः असते, बरेचसे मात्र आपण शिकतो. जे शिकलेले आहे ते बदलता येते, ही त्यातील आशेची बाब.

१) उपजत वर्तन

डोळ्यात कण गेला की पापणी मिटते, उग्र वासाने ठसका लागतो. या प्रतिक्षिप्त क्रिया शिकाव्या लागत नाहीत आणि त्या आपले रक्षण करतात. परंतु कीटकनाशक त्वचेतून शरीरात शिरते तेव्हा शरीर असा कोणताही इशारा देत नाही. ठसका लागला नाही, म्हणजे विष अंगात गेले नाही, हा समज चुकीचा आहे. घामाने भिजलेल्या, तापलेल्या त्वचेतून ते अधिक सहज शोषले जाते.

२) जोडणीतून शिकलेले वर्तन

रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्याला अन्न देण्यापूर्वी ठराविक आवाज ऐकवला. काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच कुत्र्याला लाळ सुटू लागली. दोन गोष्टी वारंवार एकत्र आल्या की मन त्यांची गाठ मारते. यास अभिसंधान म्हणतात.

आपण कीटकनाशकाला 'औषध' म्हणतो. औषध या शब्दाशी लहानपणापासून बरे वाटण्याची गाठ बसली आहे. म्हणून डबा घरात धान्याशेजारी ठेवताना किंवा हाताने ढवळताना मन कचरत नाही. घरात त्याला 'विष' म्हणण्याची सवय लावा. डब्यावरील त्रिकोणही पाहा. लाल म्हणजे अतितीव्र विषारी. पिवळा, निळा व हिरवा या क्रमाने विषारीपणा कमी होतो. हिरवा त्रिकोणही निर्धोक नव्हे.

३) परिणामातून शिकलेले वर्तन

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांनी १८९८ मध्ये मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. पेटीत कोंडलेले मांजर धडपडता धडपडता कडी उघडी, बाहेर येऊन खाणे मिळवी. पुढे ते कमी वेळात कडी उघडू लागले. ज्या कृतीनंतर सुख मिळते ती टिकते, जिच्यानंतर त्रास होतो ती सुटते.

आता फवारणी पाहा. मास्क काढताच मोकळा श्वास मिळतो. बक्षीस तत्काळ. विषाचा त्रास मात्र उशिरा होतो आणि प्रत्येक वेळी होत नाही. म्हणून दर फवारणीगणिक मन शिकते, 'इतकी वर्षे मारतो, मला काही होत नाही.' मास्क टांगून ठेवणारा हा माणूस आळशी नाही. त्याचे शिक्षण झाले आहे, पण चुकीचे.

येथे शरीराचे कार्य समजून घ्यावे. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस यांसारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके मज्जासंस्थेला आवश्यक असलेले कोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. ते पूर्ववत होण्यास वेळ लागतो. त्यामुळे लागोपाठ फवारणी केल्यास पहिल्या दिवशी काही न जाणवता तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कोसळू शकतो. 'काल काही झाले नाही' हा आजच्या सुरक्षिततेचा पुरावा नव्हे.

४) अनुकरण

माणूस पाहूनही शिकतो. पाणी आणून देणारा मुलगा वडिलांना तोंडाने नोझल फुंकताना पाहतो, उद्या तोही फुंकतो. शेजाऱ्याचा पंप सुरू झाला की आपलाही सुरू होतो, मग शेतात अळी असो वा नसो. कृषी केंद्रात 'त्याने जे नेले तेच द्या' अशी मागणी होते. एका जाणत्या शेतकऱ्याने पूर्ण पोशाखात फवारणी केली, तर तेही चारजण पाहतात, हे ध्यानात घ्यावे.

५) विचारपूर्वक वर्तन

थांबून, मोजून, ठरवून केलेली कृती ती ही. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग तीन दिवस प्रत्येक सापळ्यात दररोज सरासरी ८ पतंग आढळल्यास किंवा १० टक्के फुले वा बोंडे प्रादुर्भावग्रस्त असल्यासच फवारणीचा निर्णय घ्यावा. टाळलेली फवारणी ही सर्वांत सुरक्षित फवारणी होय.

वर्तन कसे बदलावे?

केवळ निश्चयावर विसंबू नये. योग्य कृती सोपी व चुकीची कृती अवघड होईल अशी व्यवस्था करावी.

१. किट पंपालाच बांधून ठेवावी. पंप उचलला की किट हाती आलीच पाहिजे.

२. सकाळी लवकर किंवा सायंकाळी, वारा शांत असताना फवारावे. उन्हात मास्क कोंडतो, गारव्यात तो सहन होतो.

३. खर्रा, तंबाखू व बिडी घरी ठेवून जावे. खिशात पुडी असली की हात तिकडे जाणारच.

४. साबण व स्वच्छ पाणी आधी बांधावर ठेवावे, मगच डबा उघडावा.

५. पंपाच्या हिशेबाने मजुरी दिल्यास मजूर घाई करतो. फवारणीसाठी दिवसाची मजुरी ठरवावी व किट मालकाने द्यावी.

६. दोघांनी मिळून काम करावे आणि एकमेकांवर लक्ष ठेवावे. एकाच माणसाने रोज फवारणी करू नये.

७. भगिनींनी विष हाताने कालवू नये. फवारणीचे कपडे इतर कपड्यांपासून वेगळे, हातमोजे घालून धुवावेत.

८. ज्याने पूर्ण पोशाख घातला त्याला हसू नये, चारचौघांत शाबासकी द्यावी. मास्क काढण्याचे सुख तत्काळ मिळते, तर मास्क घालण्याची शाबासकीही तत्काळ मिळाली पाहिजे.

त्रास झाल्यास

डोळ्यांपुढे अंधुक दिसणे, जास्त घाम किंवा लाळ येणे, मळमळ, उलटी, स्नायू थरथरणे, धाप लागणे, यांपैकी काहीही जाणवल्यास 'उन्हाने झाले असेल' म्हणून झाडाखाली पडून राहू नये. काम थांबवून कपडे काढावेत, अंग साबणाने धुवावे, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि कीटकनाशकाचे लेबल डॉक्टरांना दाखवावे. बेशुद्ध व्यक्तीस काहीही पाजू नये.

वर्षानुवर्षांची सवय एका मेळाव्याने जात नाही. सगळे एकदम जमणार नसेल, तर येत्या हंगामात वरील आठपैकी दोन गोष्टी निवडा. त्या घरातल्या माणसांना सांगून ठेवा आणि पहिल्या फवारणीपासून सुरू करा. पुढच्या दोन पुढल्या फवारणीला. आणि आपला मुलगा पाणी घेऊन येतो तेव्हा तो आपल्याकडे पाहत असतो, एवढे मात्र विसरू नका.