चमकणाऱ्या पेशींचा खर्च

खोकला दोन आठवड्यांवर गेला असेल तर खिशात हात घालण्याआधी सिव्हिलची पायरी चढा. क्षयरोगाची थुंकी-तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, नाशिकमध्येही. थुंकीची काच ऑरामाइनने रंगवली की फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली जंतू काळ्या पार्श्वभूमीवर पिवळसर हिरवे चमकतात, आणि तपासणाऱ्याला ते पटकन सापडतात. नेहमीच्या लाल रंगाच्या पद्धतीपेक्षा हिच्यात सरासरी १० टक्के जास्त रुग्ण पकडले जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये एलईडीवर चालणाऱ्या या यंत्रांची शिफारस केली. आता बऱ्याच ठिकाणी जंतूंचा डीएनए शोधणारं, गोव्यात बनणारं ट्रूनॅट यंत्र वापरतात. ते मायक्रोस्कोप नव्हे, पण निदानाला ते उजवंच, त्यामुळे ‘काचेवरच बघा’ असा हट्ट धरू नका.

सांधेदुखीसाठी डॉक्टरांनी ‘एएनए’ (अँटिन्यूक्लिअर अँटिबॉडी) तपासणी लिहून दिली असेल तर मात्र लॅबच्या खिडकीवरच विचारा, ‘आयएफने करता की एलायझाने?’ आयएफमध्ये, म्हणजे इम्युनोफ्लुरोसन्समध्ये, तुमच्या रक्तातला सीरम तयार पेशींवर टाकून कोणता भाग हिरवा चमकतो ते माणूस डोळ्याने पाहतो. म्हणून ती महाग, साधारण हजार ते दोन हजारांच्या घरात. रिपोर्टवर टायटर आणि पॅटर्न दोन्ही लिहिलेले हवेत. नमुना मुंबई-पुण्याला जाणार असेल तर रिपोर्ट कधी मिळेल, तेही आधीच ठरवून घ्या.

आता फ्लुरोसन्स मायक्रोस्कोप विकत घेणाऱ्या कॉलेज आणि छोट्या लॅबवाल्यांसाठी. खरी फसगत इथेच होते. अंबाल्याच्या बनावटीचं एलईडी यंत्र दीड-तीन लाखांच्या आसपास बसतं. जपानी किंवा जर्मन घ्यायचं तर पाच-सहा लाखांच्या पुढेच बोलणी सुरू होतात. पण कोटेशनमधल्या ‘फ्लुरोसन्स’ या शब्दावर जाऊ नका, फिल्टर किती आणि कोणते ते मोजा. ऑरामाइनला निळा प्रकाश लागतो, केंद्रक दाखवणाऱ्या डीएपीआयला अतिनील. एकच निळा फिल्टर असलेल्या यंत्राखाली डीएपीआयची काच ठेवलीत तर अंधारच दिसेल. कॅमेरा आणि जीएसटी धरून आहे की वेगळं, ते लेखी घ्या.

स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या यंत्रात बहुधा पाऱ्याचा दिवा असतो. त्याचं आयुष्य २००-३०० तास. तो विझला तर थंड होईपर्यंत पुन्हा लागत नाही, म्हणजे वीज पाच मिनिटं गेली तरी प्रॅक्टिकल अर्ध्या तासाने मागे. शिवाय फुटला तर पाऱ्याची भानगड. एलईडी हजारो तास चालतो आणि बटण दाबलं की लागतो. मी तरी पाऱ्याच्या वाटेला जाणार नाही.

द्राक्षबागायतदारही कधी विचारतात. डावणी रोग ओळखायला हे यंत्र अजिबात नको. पानाच्या खालची पांढरी बुरशी शंभर-दोनशे रुपयांच्या भिंगातून दिसते. कुतूहलच असेल तर द्राक्षाच्या पानाचा पातळ काप घ्या. निळ्या प्रकाशात हरितद्रव्य आपोआप लाल चमकतं, रंगाचा एक पैसाही लागत नाही.

वर्षातून चार-पाच वेळाच काम पडणार असेल तर विकत घेऊ नका. केंद्र सरकारच्या आय-स्टेम पोर्टलवर देशभरातल्या संस्थांची यंत्रं आणि त्यांचे दर पाहून वेळ घेता येते. पुण्याच्या आयसरसारख्या किंवा आयआयटी मुंबईसारख्या संस्थांत मोठी यंत्रं आहेत. कॉन्फोकल मायक्रोस्कोपची किंमत कोटीच्या घरात असते, त्यामुळे तासाचं भाडं देणंच शहाणपणाचं. शैक्षणिक संस्थांना दर कमी, कंपन्यांना कित्येक पट. मात्र काच नाशिकमध्येच साध्या मायक्रोस्कोपखाली तपासून घ्या. पेशी मुळात चिकटल्याच नसतील तर ते तिथे कळून उपयोग नाही. रंगवलेल्या काचा फॉइलमध्ये गुंडाळून डब्यात न्या. उजेडात राहिल्या तर चमक उतरते, आणि तासाचं भाडं तर भरावंच लागतं.