भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक : बाबासाहेबांच्या चरित्रातील आपले पान

परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जीवनपट आपल्या घराघरांत मुखोद्गत आहे. महू, सातारा, कोलंबिया, लंडन, चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, संविधान सभा, दीक्षाभूमी. आमच्या निवासी शाळेतील पाचवीचे विद्यार्थीही ही नावे क्रमाने सांगतात. या नामावलीत भंडारा हे नाव मात्र सहसा येत नाही. ज्या जिल्ह्यात आपण राहतो, त्या जिल्ह्याने १९५४ साली बाबासाहेबांचा पराभव केला. हे पान आपण संकोचाने उलटून पुढे जातो. इतिहासाचे शिक्षक या नात्याने आम्हाला ते बारकाईने वाचणे अगत्याचे वाटते, कारण बाबासाहेबांना मताधिकाराविषयी नेमके काय अभिप्रेत होते, ते येथे जितके स्वच्छ दिसते तितके त्यांच्या विजयांतही दिसत नाही.

प्रथम पार्श्वभूमी पाहू. १९१९ साली साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेब सत्तावीस वर्षांचे होते आणि मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात अध्यापन करीत होते. त्या काळी मताचा अधिकार जमीन, कर व शिक्षण यांवर तोलला जाई. ज्यांना जमीन धारण करू दिली नाही आणि शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांना मतही नाही, असा तो न्याय होता. १९२८ साली सायमन कमिशनपुढे त्यांनी एकवीस वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांना मताधिकार मागितला. ज्या देशांना आपण पुढारलेले म्हणतो, त्यांच्याशी तुलना केली म्हणजे या मागणीची थोरवी कळते. स्वित्झर्लंडमधील स्त्रियांना राष्ट्रीय निवडणुकीत मत मिळाले ते १९७१ साली. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कृष्णवर्णीयांना मतदानाच्या अधिकाराचे खरे कायदेशीर संरक्षण १९६५ मध्ये लाभले. आपल्याकडे संविधानाच्या कलम ३२६ ने हा अधिकार पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीपासून दिला.

त्या पहिल्या निवडणुकीत, १९५२ साली, उत्तर मुंबई मतदारसंघात बाबासाहेब काँग्रेसच्या नारायण काजरोळकर यांच्याकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभूत झाले. येथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे, अन्यथा भंडाऱ्याचे प्रकरण उमगणार नाही. त्या काळी अनेक मतदारसंघ द्विसदस्यीय असत. एका मतदारसंघातून एक सर्वसाधारण आणि एक राखीव असे दोन खासदार निवडून जात. प्रत्येक मतदाराला दोन मते असत, परंतु ती दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली स्वतंत्र पेटी असे आणि दोन्ही मतपत्रिका एकाच पेटीत पडल्या तर एक बाद होई. मुंबईच्या त्या मतदारसंघात ७४ हजारांवर मते बाद ठरली. मते वाया घालवण्याचा पद्धतशीर प्रचार विरोधकांनी केला, अशी तक्रार घेऊन बाबासाहेब आणि त्यांच्यासोबत पराभूत झालेले समाजवादी नेते अशोक मेहता यांनी निवडणूक अर्ज दाखल केला. तो फेटाळला गेला. मत वाया घालवायला सांगणे हा मतदाराशी द्रोह होय, ही भूमिका मात्र त्या अर्जाने नोंदवून ठेवली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. तेव्हा भंडारा जिल्हा मध्यप्रदेशात होता, राजधानी नागपूर होती आणि आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच होता. १९५२ साली येथून सर्वसाधारण जागेवर चतुर्भुज जसानी आणि राखीव जागेवर तुलाराम साखरे निवडून आले. त्या निवडणुकीला आव्हान दिले गेले आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९५४ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने संपूर्ण निवडणूक रद्दबातल असल्याचा निर्णय दिला. निकालपत्र लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.

रद्द होण्याची कारणे दोन होती आणि दोन्ही अस्सल आपल्या मातीतली आहेत. पहिले कारण विडीचे. जसानी ज्या विडी कंपनीचे भागीदार होते, ती कंपनी सैनिकांच्या कँटीनसाठी सरकारला विड्या पुरवत होती आणि सरकारशी पुरवठ्याचा करार असलेल्यास निवडणूक लढवण्यास कायद्याने मनाई होती. ज्या जिल्ह्यातील हजारो माय-बहिणींची बोटे विड्या वळण्यात झिजली, त्याच जिल्ह्याची निवडणूक विडीच्या करारावरून रद्द व्हावी, हा इतिहासातील विलक्षण योगायोग होय.

दुसरे कारण आपणा बौद्धांना अधिक विचार करायला लावणारे आहे. गंगाराम थावरे या महार उमेदवाराने महानुभाव पंथ स्वीकारला होता. पंथात गेल्यावर ते महार राहिले नाहीत, सबब राखीव जागा लढवू शकत नाहीत, असे म्हणून त्यांचा अर्ज नाकारण्यात आला होता. न्यायालयाने प्रश्न निराळ्या रीतीने विचारला. जुन्या समाजाने त्यांना टाकले काय? ते स्वतःला काय समजतात? नव्या पंथाचे नियम काय सांगतात? त्यांना कोणी टाकलेले नव्हते आणि तेही स्वतःला महारच समजत होते, म्हणून अर्ज नाकारणे चूक ठरले. धर्म बदलला म्हणून गावाने लावलेली जात आणि तिचे चटके आपोआप सुटत नाहीत, ही जाणीव या निकालात आहे. पुढे १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आपल्या समाजाला हाच प्रश्न कितीतरी मोठ्या प्रमाणावर सोसावा लागला. केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती बौद्धांना मिळण्यास १९९० साल उजाडले. आमच्या पिढीने शिष्यवृत्तीच्या अर्जातील धर्माच्या रकान्यापुढे लेखणी किती वेळ रोखून धरली, ते आमच्या वयाच्या वाचकांना वेगळे सांगायला नको.

अशा रीतीने दोन्ही जागा रिकाम्या झाल्या आणि मे १९५४ मध्ये पोटनिवडणूक झाली. बाबासाहेब तेव्हा राज्यसभेचे सदस्य होते, म्हणजे संसदेत बसायला जागा नव्हती असे नाही. प्रकृतीही खालावलेली होती. तरीही त्यांनी शेड्युल्ड कास्ट फेडरेशनच्या वतीने भंडाऱ्याची राखीव जागा लढवली. थेट लोकांच्या मतांवर लोकसभेत जाण्याचे मोल त्यांना वेगळे वाटत असावे, असे आमचे मत आहे. सर्वसाधारण जागेसाठी प्रजासमाजवादी पक्षाचे अशोक मेहता उभे होते आणि समोर काँग्रेसची बलाढ्य यंत्रणा होती. मे महिना म्हणजे आपल्याकडे रणरणते ऊन आणि तेंदूपत्त्याच्या तोडणीचा हंगाम. मजुरी बुडवून मतदानाला जाणे म्हणजे काय, हे शहरातील इतिहासकारांच्या सहसा ध्यानात येत नाही.

याच प्रचारातील एक प्रसंग जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत वारंवार येतो. आपल्या मतदारांनी पहिले मत बाबासाहेबांना द्यावे आणि दुसरे कोणालाच न देता कुजवावे, अशी सूचना काहींनी मांडली. या सूचनेमागे भक्ती होती, तसे चोख गणितही होते. राखीव जागेचा निर्णय झाल्यावर उरलेल्या सर्व उमेदवारांत ज्याला अधिक मते, तो सर्वसाधारण जागेवर निवडून येई, मग तो अनुसूचित जातीचा असला तरी चाले. १९५७ साली आंध्रातील पार्वतीपुरम येथे असेच घडले. दोन्ही जागा अनुसूचित जमातीच्या उमेदवारांनी जिंकल्या आणि पुढे राष्ट्रपती झालेले व्ही. व्ही. गिरी पराभूत झाले. म्हणजे भंडाऱ्यात दुसरी मते कुजली असती, तर मेहतांची मते घटून बाबासाहेबांना सर्वसाधारण जागेची संधी होती. बाबासाहेबांनी सूचना साफ नाकारली. पराभव झाला तरी चालेल, पण मत कुजवण्याचा सल्ला आपण देणार नाही, असा त्यांचा आशय सांगितला जातो. दोनच वर्षांपूर्वी मुंबईच्या अर्जात त्यांनी ज्या गोष्टीला आक्षेप घेतला होता, तीच गोष्ट स्वतःच्या लाभासाठी त्यांनी कशी करावी?

निकाल लागला. काँग्रेसचे भाऊराव बोरकर राखीव जागेवर विजयी झाले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी मागे राहिले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. आपल्या माणसांनी दुसरे मत प्रामाणिकपणे मेहतांच्या पेटीत टाकले. मेहतांना मानणाऱ्या सर्वच सवर्ण मतदारांचे दुसरे मत बाबासाहेबांच्या पेटीत पडले नाही, हे उघड आहे. याचा दोष एका पक्षाला देऊन आम्ही मोकळे होणार नाही. मतपेटी गुप्त होती, पण मन जातीच्या बाहेर पडले नव्हते. राजकारणात प्रत्येकाला समान मत आणि सामाजिक जीवनात विषमता, या ज्या विसंगतीचा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता, तिचा अनुभव त्यांना स्वतःलाच भंडाऱ्यात आला.

बाबासाहेब मात्र थांबले नाहीत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेस गेले आणि २५ डिसेंबरला देहूरोड येथे त्यांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. द्विसदस्यीय मतदारसंघ पुढे १९६१ च्या कायद्याने संपुष्टात आले.

हा पाठ आम्ही नववीच्या वर्गात दोन खोक्यांनी शिकवतो. प्रत्येक विद्यार्थ्याला दोन चिठ्ठ्या देतो आणि नियम सांगतो. तरीही दरवर्षी बहुतेक मुले दोन्ही चिठ्ठ्या बाबासाहेबांच्या खोक्यात टाकतात आणि मोजणीच्या वेळी निम्म्या चिठ्ठ्या बाद होतात. एके वर्षी एका मुलीने विचारले, "सर, बाबासाहेबांना आपल्याच लोकांनी दुसरे मत कुजवून निवडून आणले असते, तर वाईट काय झाले असते?" आम्ही तिला ताबडतोब उत्तर दिले नाही. वर्गालाच दोन गटांत बसवून तास संपेपर्यंत वाद घालू दिला. मत एकमुखी झाले नाही, आणि ते व्हावे असा आमचा आग्रहही नव्हता.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. १९५४ साली मताधिकारासाठी एकवीस वर्षे पूर्ण लागत. त्या मे महिन्यात ज्यांनी साकोली, लाखनी, लाखांदूर किंवा तुमसरकडे मतदान केले, ते आजी-आजोबा आज नव्वदी ओलांडलेले आहेत. आपल्या घरी, टोलीत वा नात्यात असे कोणी असेल, तर त्यांच्याजवळ बसून विचारा : मतदान केंद्र कोठे होते, मजुरी बुडाली काय, पेटीवर कोणते चिन्ह होते, दुसरी चिठ्ठी कोठे टाकली. ते सांगतील तसे त्यांच्याच बोलीत लिहून किंवा ध्वनिमुद्रित करून शाळेच्या ग्रंथालयाकडे पाठवा. ग्रंथपालांनी त्यासाठी स्वतंत्र वही घातली आहे.