भाचेबाई, बुकिंगच्या आधी एवढं ऐक

जावईबापूंनी व्हिडिओ बघून बघून डोळे लाल केलेत म्हणे, आणि तरी नेक्सॉन की थ्री एक्स ओ हे ठरत नाही. ठरणार कसं! एक टाटांच्या रांजणगावची, दुसरी महिंद्रांच्या नाशिकची. दोघींना भारत एनकॅपचे पाच तारे, दोघींत सहा एअरबॅग. कागदावर तोडीस तोड. म्हणून कागद बाजूला ठेव आणि मामाचं ऐक.

१. आधी घरच्या फाटकाची रुंदी मोज — नेक्सॉन १,८०४ मिलिमीटर, थ्री एक्स ओ १,८२१, आणि आरसे यात धरलेले नाहीत. आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या सिडकोतली कित्येक फाटकं स्कूटरच्या काळातली आहेत.

२. सासूबाईंना दोन्ही शोरूमला ने, साडीतच ने. मागच्या सीटवर त्यांना स्वतः चढू दे, स्वतः उतरू दे. हात पुढे करू नकोस. चौकट डोक्याला लागते का, पाय बाहेर काढताना गुडघा अडतो का, निऱ्या पायात येतात का, उठताना हात कशाला धरतात, सगळं बघ. त्या "बरी आहे" म्हणतीलच, तेव्हा तोंडाकडे नको, गुडघ्यांकडे बघ — चढताना सगळ्याच गाड्या गोड, उतरताना कळते खोड.

३. मग डिकी. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनाच्या गाडीला १८ टक्के जीएसटी आहे, त्याहून मोठीला ४०. चार मीटरच्या आत राहायचं म्हणून एक ३,९९५ मिलिमीटर लांब, दुसरी ३,९९०. एवढ्याशा लांबीत माणसांना जागा दिली की सामानाची जाते. थ्री एक्स ओच्या पुढच्या-मागच्या चाकांत २,६०० मिलिमीटर अंतर आहे, नेक्सॉनच्या २,४९८, तो फरक मागच्यांच्या गुडघ्यांना मिळतो. उलट नेक्सॉनची डिकी ३८२ लिटरची, थ्री एक्स ओची २९५. नेक्सॉन सीएनजीत घेतलीस तर तिचीही ३२१ वर येते. दिवाळीला माहेरी येताना तू किती बॅगा आणतेस ते मला ठाऊक आहे, जाताना किती नेतेस तेही! त्याच बॅगा शोरूमवर घेऊन जा. लाज वाटली तर जावईबापूंच्या हातात दे. माझं मत विचारशील तर सासूबाई कायम सोबत असणार असतील तर थ्री एक्स ओ, चौघंच आणि सामान फार असेल तर नेक्सॉन.

४. टेस्ट ड्राइव्ह जालना रोडवर संपवू नकोस — सिग्नल ते सिग्नल कुठलीही गाडी गुणी वाटते. पाच जण बसव, एसी लाव आणि दौलताबादहून खुलताबादकडे घाट चढ. टर्बो इंजिन कमी वेगात अडखळतं का ते तिथंच कळतं. दौलताबादच्या दिल्ली दरवाज्यातून गाडी काढताना कडांचा अंदाज येतो का, तेही बघून घे. सेल्समन गाणी लावेल, ती आधी बंद कर.

५. डिकीचा तळ उचलून स्टेपनी बघ — ती बाकीच्या चार चाकांपेक्षा लहान असेल तर तिच्यावर ८० च्या वर जायचं नसतं. आणि समृद्धी महामार्गावर पंक्चरवाला झाडाखाली बसलेला नसतो.

६. रोजचं जाणं गारखेडा ते उस्मानपुरा एवढंच असेल तर डिझेलचा हट्ट सोड — नव्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो, आणि तो जळून साफ व्हायला सलग लांब पल्ला लागतो. शिवाय दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला आपल्या राज्यात ११ टक्के रोड टॅक्स, डिझेलला १३.

७. सनरूफ? आपल्याकडे मे महिन्यात छत उघडून फिरणारा भेटला तर मला दाखव. त्यापेक्षा भर दुपारी उन्हात तापलेल्या गाडीत मागे बस आणि गारवा यायला किती वेळ लागतो ते घड्याळात बघ.

८. दोन्हीकडून ऑन-रोड कोटेशन लेखी घे, ओळ न् ओळ — विमा बाहेरूनही घेता येतो, ॲक्सेसरीजचं पॅकेज नाकारता येतं, आणि हँडलिंगच्या नावाखाली काही लावलं असेल तर ते कशाचं, हे विचारता येतं. "आज बुक केलं तरच" म्हणाले की उठून ये. बुकिंगची घाई, ती हप्त्याची आई.

९. भाव करायला एकटी जाऊ नकोस, सोसायटीत आणखी कोण गाडी बघतंय ते विचार. २०१० च्या ऑक्टोबरात याच शहरातल्या मंडळींनी मिळून एकदम १५० मर्सिडीज घेतल्या — दीडशे जण सोबत असले की कंपनीही नमतं घेते आणि बँकही व्याज कमी करते. तुला तिघं मिळाले तरी पुष्कळ.

१०. पुढची काच आणि हेडलाइट बदलायला काय पडतं ते सर्व्हिसच्या खिडकीवर विचार, विक्रीच्या टेबलावर नको.

११. पाडव्याला गाडी हवी तर चार दिवस आधी यार्डात जाऊन बघ — मुहूर्ताला हार, पेढे आणि फोटोंच्या गर्दीत ओरखडा दिसत नाही. टायरच्या कडेवर लांबट चौकटीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ४८२४ म्हणजे २०२४ सालचा ४८ वा आठवडा. स्टेपनीसकट पाचही टायर वाच आणि गाडीच्या प्लेटवरच्या निर्मितीच्या महिन्याशी ताडून बघ. हे सगळं नोंदणीच्या आधी कर. एकदा एमएच-२० चा नंबर पडला की गाडी तुझी, ओरखड्यासकट.