परदेशातून परतलेले मूल आणि ताप : निदानाची दिशा

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील चिंचणी हे समुद्रकाठचे गाव. जवळच तारापूरचा अणुविद्युत प्रकल्प आणि बोईसरची औद्योगिक वसाहत असल्याने या पट्ट्यात नोकरी-व्यवसायानिमित्त माणसांची ये-जा सतत चालू असते. आखाती देशांत वा आफ्रिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांची मुले सुट्टीत आजोळी येतात, तर येथील मुले आईवडिलांसमवेत परदेशी जाऊन परततात. मूल विमानातून उतरते तेव्हा बहुधा ठणठणीत असते. ताप येतो तो आठ-पंधरा दिवसांनी, गावातल्या घरात. विमानतळावरील तपासणीत न सापडणारा असा आजार ओळखण्याची जबाबदारी त्यामुळे गावावर येऊन पडते.

पहिला प्रश्न प्रवासाचा

तापाने फणफणलेले मूल दवाखान्यात आणले की वैद्यकीय अधिकाऱ्याने प्रथम विचारावयाचे ते हे : गेल्या वर्षभरात मूल कोठे गेले होते व केव्हा परतले? तेथे डास चावले काय? मच्छरदाणी व हिवतापप्रतिबंधक गोळ्या वापरल्या काय? पाणी कोणते प्याले? कोणत्या लसी झाल्या आहेत? बरोबरचे कोणी आजारी आहे काय?

देशाच्या नावालाही महत्त्व आहे. जगातील हिवतापाच्या रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक रुग्ण आफ्रिकेत आढळतात व तेथील मृत्यूंत पाच वर्षांखालील बालकांचा वाटा सर्वाधिक असतो. उलट संयुक्त अरब अमिरात २००७ मध्ये आणि श्रीलंका २०१६ मध्ये हिवतापमुक्त जाहीर झाले. तथापि परदेशवारी झाली म्हणून आजार परदेशीच असतो, असे नव्हे. सर्दी-खोकला, कानाचा वा लघवीचा संसर्ग, अतिसार ही तापाची नेहमीची कारणे अशा मुलांतही वारंवार आढळतात.

दिवसांचा हिशेब

संसर्ग झाल्यापासून ताप येईपर्यंतचा काळ आजारागणिक वेगळा असतो. डेंग्यूचा ताप बहुधा ४ ते १० दिवसांत, फार तर १४ दिवसांत येतो. म्हणून परतल्यावर तीन आठवड्यांनी झालेला डेंग्यू परदेशातून आलेला नव्हे. तो येथील डासांचा असणार व त्याचा शोध घराच्या अंगणातच घेतला पाहिजे. फॅल्सिपेरम हिवताप सात दिवसांच्या आत सहसा दिसत नाही. बहुतेकांना तो महिन्याभरात, काहींना तीन महिन्यांपर्यंत होतो. व्हायव्हॅक्सचे जंतू यकृतात दडून राहतात व कित्येक महिन्यांनी डोके वर काढतात. विषमज्वर साधारणतः एक ते तीन आठवड्यांत सुरू होतो.

तपासणी

हिवताप असलेल्या प्रदेशातून आलेल्या मुलाचा ताप हा तपासणी होईपर्यंत हिवतापच समजावा. फॅल्सिपेरममध्ये बालकाची प्रकृती एका दिवसातही गंभीर होऊ शकते. रक्ताचा जाड व पातळ नमुना त्याच दिवशी तपासावा. एक नमुना निर्दोष आला म्हणून निश्चिंत राहू नये. १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा, एकूण तीन वेळा तपासणी करावी. डेंग्यूसाठी पहिल्या पाच दिवसांत एनएस-१ व त्यानंतर आयजीएम चाचणी उपयोगी पडते. विषमज्वराच्या निदानासाठी प्रतिजैविके देण्यापूर्वी रक्ताचे कल्चर करणे इष्ट. एकट्या विडाल चाचणीवर विसंबून राहणे योग्य नव्हे.

धोक्याची लक्षणे

ग्लानी, झटके, सतत उलट्या, जोराचा श्वास, तीव्र पोटदुखी, लघवी कमी होणे, कावीळ, अंगावर रक्ताचे ठिपके यांपैकी काहीही दिसल्यास मुलास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. तीन महिन्यांखालील तान्ह्या बालकाचा कोणताही ताप याच वर्गात मोडतो. डेंग्यूत ताप उतरताना धोका वाढतो, हेही ध्यानात ठेवावे. मुलांना अ‍ॅस्पिरिन देऊ नये. डेंग्यूची शंका असेतो आयबुप्रोफेनही टाळावे. वजनानुसार पॅरासिटामॉल व भरपूर पेये एवढा घरगुती उपचार पुरे. गोळीने ताप उतरला म्हणजे आजार गेला, असे मात्र नव्हे.

शाळा व ग्रामपंचायत

सुट्टीनंतर वर्गात आलेल्या मुलाच्या प्रवासाची शिक्षकाने सहज चौकशी करावी व ताप आल्यास पालकांना प्रवासाच्या तारखा कागदावर लिहून दवाखान्यात न्यावयास सांगावे. आशा कार्यकर्तीस अशा कुटुंबांची माहिती असावी. बाहेरून आलेला हिवतापाचा जंतू येथील अ‍ॅनोफिलिस डासांमार्फत शेजारच्या घरांतही पोहोचू शकतो. यास्तव आठवड्यातून एकदा पाण्याची भांडी कोरडी करणे व साचलेली डबकी बुजवणे हे ग्रामपंचायतीचे कामही निदानाइतकेच मोलाचे आहे. परदेशी जाणाऱ्या पालकांनी लसी व प्रतिबंधक औषधांविषयी प्रस्थानापूर्वी काही आठवडे आधीच सल्ला घ्यावा. पीतज्वराची लस तर प्रवासापूर्वी किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते.

हिवतापमुक्त झाल्यावरही श्रीलंकेने बाहेरून येणाऱ्या रुग्णांवरील नजर ढळू दिलेली नाही. त्या दक्षतेचा आरंभ एका साध्या प्रश्नाने होतो, आणि तो विचारण्यास ना यंत्र लागते ना खर्च. चिंचणीसारख्या गावात तो वेळेवर विचारला गेला, तर एखाद्या बालकाचे प्राण त्यानेच वाचतील.